क्लोदोमिराचं झाड

तीस वर्षं ओतिलियानं आपल्या बहिणीला, ब्रिखिदाला, एप्रिलमध्ये कधी घरी येऊ दिलं नव्हतं. नाताळात ये म्हणायची, जूनमध्ये सान हुआनच्या सणाला ये म्हणायची, एर्विनच्या वेळच्या बाळंतपणाला तर बोट पाठवून आणवलं होतं. पण झाडांवर सफरचंदं असली की काही ना काही अडचण निघायची. कधी समुद्र खवळलेला, कधी घरात आजारपण, कधी नवऱ्याचा मूडच ठीक नाही. ब्रिखिदा भोळी. तिनं कधी विचारलं नाही.

यंदा मात्र ते ओतिलियाच्या हातात राहिलं नाही. दूर दक्षिणेच्या पुंता अरेनास शहरातून सावत्र लेक नेल्दा आली होती, आणि तिनं परस्पर समोरच्या बेटावर निरोप धाडला होता की रस काढायच्या दिवशी ब्रिखिदामावशीनं यायलाच हवं, सगळं घर हवं, सगळ्यांना ऐकवण्यासारखं काही आहे. नेल्दा आता चाळिशीची, शाळेत मुख्याध्यापिका. तिनं ठरवलं की ठरलं. ओतिलियाला हे कळलं तेव्हा बहिणीनं होकारही कळवून टाकला होता.

त्या दिवशी ओतिलिया झुंजुमुंजू व्हायच्या आत उठली आणि स्वयंपाकघरामागच्या झाडावर शिडी लावून जेवढी हाताला आली तेवढी सफरचंदं तिनं उतरवली. दोन पोती झाली. ती तिनं माळ्यावर नेऊन जुन्या गोधड्यांखाली झाकली. शेंड्यावरची तेवढी राहिली. साठीच्या बाईनं आणखी किती चढायचं?

घराभोवती पंधरा झाडं होती. जाड सालीची रेनेता, लिंबासारखी पिवळी लिमोना, सान हुआनपर्यंत पेंढ्यात टिकणारी लहान तांबडी. त्या सगळ्यांची निगा ओतिलियानं राखली होती. शेवाळ खरवडणं, फांद्या छाटणं, कलमं बांधणं, सगळं तिचंच. सासरी आली तेव्हा पाच झाडं होती. दहा तिच्या हातची. पण पाहुणे आले की त्यांना आधी दाखवलं जायचं ते स्वयंपाकघरामागचं. क्लोदोमिराचं झाड. ओतिलियाच्या नवऱ्याच्या, बाल्दोमेरोच्या, पहिल्या बायकोनं, नेल्दा जन्मली त्या वर्षी लावलेलं. नेल्दा चार वर्षांची असताना क्लोदोमिरा गेली. वर्षभरानं ओतिलिया आली, नेल्दा तिला मावशी म्हणू लागली, आणि तेव्हापासून ओतिलिया त्या झाडाशेजारी संसार करत होती.

सकाळी नवाला माणसं जमली. ओतिलियाचा मुलगा एर्विन आणि त्याचे दोन मित्र लाकडी डोणीत सफरचंदं ओतून लांब काठ्यांनी एका तालात बडवायला लागले. धप, धप, धप. भुगा झाला की विणलेल्या करंडीत भरायचा, मळसूत्राच्या दाबणीखाली ठेवायचा आणि बाल्दोमेरोनं दांडा फिरवायचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही तो दांडा दुसऱ्या कुणाला देत नसे. खाली पिंपात रस पडत होता. महिन्याभरात तो आंबून त्याची चिचा, सफरचंदाची दारू, होणार होती, वर्षभर पुरणारी. बारीक पाऊस होता, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नणंद तेओलिंदा आपल्या वाडीतली चार पोती बैलगाडीत घालून आली होती आणि आल्यापासून सूचना देत होती.

ब्रिखिदा अकराच्या बोटीनं आली. ओतिलियानं तिला थेट आत नेलं, चुलीजवळ बसवलं, हातात कडवट मातेचा गरम पेला दिला, बटाटे सोलायला दिले. तेवढ्यात नेल्दा आली. तिच्या हातात काठीनं पाडलेलं एक सफरचंद होतं.

"मावशी, आधी हे खा. माझ्या आईचं."

ब्रिखिदानं ते शालीला पुसलं. एका गालावर तांबड्या रेघा, बाकी फिकट पिवळं. तिनं चावा घेतला, आणि तिचा जबडा थांबला. तिनं सफरचंद डोळ्यांजवळ नेलं. पांढऱ्या गरात सालीपासून आत गेलेल्या बारीक गुलाबी शिरा होत्या. तिनं ओतिलियाकडं पाहिलं. ओतिलिया चुलीत लाकूड सारत होती. नेल्दानं विचारलं कसं आहे, तेव्हा ब्रिखिदा म्हणाली की फार छान आहे. नेल्दा खूश होऊन बाहेर गेली.

"ओती," ब्रिखिदा हळू आवाजात म्हणाली, "हे आपल्या आईच्या बागेतलं आहे. ही पालोमा जात."

ओतिलियानं चुलीतलं लाकूड आणखी आत ढकललं.

"मी आंधळी झाले तरी ओळखीन. आईच्या माघारी माझ्या पोरानं बाग तोडून बटाटे लावले, तेव्हापासून मी रोज देवाची क्षमा मागतेय. आणि हे इथं आहे? त्या क्लोदोमिराच्या नावानं?"

मग ओतिलियानं सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, बटाट्यांची सालं हातात धरून, दाराकडं लक्ष ठेवत सांगितलं.

लग्न होऊन आली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. बाल्दोमेरो वाईट माणूस नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता. फक्त जेवण झालं की माते घेऊन त्या झाडाखाली जाऊन बसायचा. झाड मनगटाएवढंच होतं, त्याची सावलीही पडत नसे. पण तो तिथं बसायचा आणि आत यायचा तेव्हा त्याचा चेहरा कुणाकडं तरी जाऊन आल्यासारखा असायचा. पहिल्या एप्रिलमध्ये झाडाला सहा सफरचंदं लागली. तीन त्यानं नेल्दाला दिली, दोन तेओलिंदाला, एक स्वतः खाल्लं. ओतिलियाला कुणी विचारलं नाही. मागून घेण्याइतकी ती लाचार नव्हती.

त्या सप्टेंबरात तो लोकर कातरायला दक्षिणेला गेला. नेल्दाला डांग्या खोकला झाला होता म्हणून ती आत्याकडं होती. ओतिलिया माहेरहून पालोमाच्या काड्या घेऊन आली होती. कुंपणाजवळच्या जंगली खुंटावर त्यांचं कलम बांधायचं होतं. तिनं करवत घेतली. कुंपणाकडं जायचं म्हणूनच घेतली, असं तिनं ब्रिखिदाला सांगितलं, आणि ते खरं असावं. पण पाय दुसरीकडं गेले. गुडघ्याएवढा बुंधा ठेवून तिनं झाड कापलं. ते कापायला किती थोडा वेळ लागला याचं तिला नवल वाटलं होतं. मग ती घाबरली. उरलेला खुंट मधोमध चिरून, दोन काड्या पाचरीसारख्या तासून तिनं त्यात बसवल्या, शेणमाती लिंपली, चिंधी बांधली. मार्चमध्ये नवरा परत आला तोवर फुटवे कमरेएवढे झाले होते. शेजारच्या बैलानं मोडलं, पुन्हा फुटलं, असं तिनं सांगितलं. त्याला ते पटलं. चौथ्या वर्षी फळ धरलं. त्यानं खाल्लं, डोळे मिटले, आणि म्हणाला, "क्लोदो."

"आणि तिचं लाकूड?" ब्रिखिदानं विचारलं.

"चुलीत."

ब्रिखिदानं सफरचंद पूर्ण खाल्लं, बिया हातरुमालात बांधल्या, जणू बियांतून तेच झाड येणार होतं. ओतिलियाला वाटलं ती रागावेल. पण ती म्हणाली की झालं ते झालं. आईचं झाड जिवंत आहे, नाव कुणाचं का असेना. आता उकरून काढू नकोस, तुझंच घर मोडेल. ओतिलिया हो म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

दोन वाजता शेडमध्ये पानं मांडली. मेंढीचं मटण, धुरावलेले शिंपले, चरबीत तळलेले बटाट्याचे मिल्काओ. सगळ्यांचे हात चिकट होते. जेवणं निम्म्यावर आली तेव्हा नेल्दा उभी राहिली. तिनं पिशवीतून एक छापील कागद काढला. शहरात जुन्या सफरचंदांचं प्रदर्शन भरणार होतं, ज्या जातींना नावं नाहीत त्यांना नावं मिळणार होती, ती एका पुस्तकात छापली जाणार होती. नेल्दानं कागद वाचून दाखवला. जातीचं नाव: क्लोदोमिरा. लावणारी: क्लोदोमिरा वेरा. सांभाळणारे: पती बाल्दोमेरो कार्देनास आणि कन्या नेल्दा.

एर्विननं टाळ्या वाजवल्या. बाल्दोमेरोनं टोपी काढून डोळे पुसले. ओतिलियानं ते पाहिलं. तिच्या आजारपणात, तिच्या मेलेल्या दुसऱ्या बाळाच्या वेळी, कधी तिनं त्याला टोपी काढून डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. ताटातलं मटण तिनं बारीक बारीक केलं. समोरून ब्रिखिदा तिच्याकडं एकटक बघत होती.

मग तेओलिंदा बोलली. ती सहज बोलली. तिला वाटलं ती मेलेल्या वहिनीची स्तुती करतेय.

"हाताचा गुण असतो एकेकाच्या. क्लोदोनं एकच झाड लावलं, आणि बघा. नंतर या वाडीत दहा लावली कुणी कुणी, पण याची सर एकालाही नाही."

ओतिलियानं सुरी खाली ठेवली. पुढं कितीदा तरी तिनं स्वतःला विचारलं की त्या क्षणी आपल्याला खरं सांगायचं होतं का. नव्हतं. तिला फक्त आपलं परत हवं होतं.

"ते झाड क्लोदोमिराचं नाही," ती म्हणाली. "ते माझं आहे. माझ्या आईच्या बागेतलं. मी बांधलंय ते."

तेओलिंदा हसली. मग बाकीच्यांचे चेहरे पाहून थांबली. ब्रिखिदानं डोळे मिटून घेतले.

"बैलानं मोडलं नव्हतं," ओतिलिया नवऱ्याकडं न बघता म्हणाली. "तुम्ही दक्षिणेला होतात. मी करवतीनं कापलं. आणि त्यावर आमची पालोमा बांधली. तीस वर्षं तुम्ही सगळे तेच खाताय, आणि नाव तिचं घेताय."

पावसाचा आवाज पत्र्यावर येत होता. नेल्दाच्या हातात कागद तसाच होता. तिचा आवाज निघाला तो शाळेतला नव्हता.

"आईचं काहीच नाही उरलं त्यात?"

"मुळं आहेत," ओतिलिया म्हणाली. "मुळं आणि गुडघ्याएवढा बुंधा." आणि मग, विचारलं नव्हतं तरी, "बाकीचं जळलं."

नेल्दानं कागदाची घडी घातली. तिनं अकांडतांडव केलं असतं तर ओतिलियाकडं उत्तरं होती. शाळेच्या पहिल्या दिवसापासून लग्नापर्यंत कुणी केलं तुझं, विचार बापाला. पण नेल्दानं कागद खिशात घातला, रेनकोट घेतला आणि कुरणातून खाली चालू लागली. आणि ओतिलियाच्या पोटचा एर्विन हातातला मिल्काओ टाकून सावत्र बहिणीमागं धावला. जाताना त्यानं आईकडं वळूनही पाहिलं नाही.

तेओलिंदाची नजर टेबलावर खिळली होती. ती मनाशी काही हिशेब जुळवत होती.

"थांब," ती म्हणाली. "क्लोदो जिवंत असताना मी तिच्या झाडाची काडी नेली होती. डुकरांच्या खोपटाजवळ लावलीय. ते झाड..."

सगळ्यांना ते झाड माहीत होतं. बारीक हिरवी सफरचंदं, खाल्लं की कानशिलं दुखतील इतकी आंबट. डुकरंसुद्धा आधी दुसरं काही आहे का बघायची. दरवर्षी तेओलिंदा ती डोणीत ओतायची. आजही चारांतलं एक पोतं त्याचंच होतं.

"तीस वर्षं मी भावाचं गोड फळ बघून जळतेय," तेओलिंदा म्हणाली. "तीच काडी, तेच बेट. माझ्याच जमिनीत खोट आहे म्हणून मी चुना घातला, राख घातली, पाद्र्याकडून पाणी शिंपडून घेतलं." ती ओतिलियाकडं वळली. शिव्या येणार म्हणून ओतिलियानं मान ताठ केली. पण नणंदेनं आपली खुर्ची ओढून तिच्या शेजारी आणली आणि त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या ताटात स्वतः मटण वाढलं. "म्हणजे माझ्या जमिनीत काही नव्हतं. खा. गार होतंय."

ओतिलियाला ते खाववेना. तिनं अखेर नवऱ्याकडं पाहिलं. बाल्दोमेरो दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला होता. तो ओरडेल असं तिला वाटत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आंबट होतं तिचं," तो सावकाश म्हणाला. "ते एक खाल्लं तेव्हा दात आंबले होते माझे. मग पुढं गोड लागायला लागलं. मला वाटलं, झाड जुनं झालं की फळ सुधारत असेल, रंगानंही."

एवढं बोलून तो उठला आणि दाबणीकडं गेला, कारण करंडीतला भुगा काळा पडायला लागला होता. एर्विनच्या मित्रांनीही काठ्या उचलल्या. धप, धप, धप सुरू झालं, पण ताल चुकत होता. ओतिलिया भांडी आवरायला आत गेली. ब्रिखिदा तिच्या मागं आली आणि तिनं विसळायला घेतलं. ओतिलियाला हलकं वाटायला हवं होतं. नाव मोकळं झालं होतं, आईचं झाड आईचं झालं होतं. पण तिच्या डोक्यात नवऱ्याचं एकच वाक्य होतं: ते एक खाल्लं तेव्हा. चौतीस वर्षांपूर्वीच्या एका सफरचंदाची चव त्याच्या लक्षात होती. ओतिलियाच्या हातच्या पहिल्या जेवणाची होती का?

चारच्या सुमारास नेल्दा आणि एर्विन परत आले. तेओलिंदानं एर्विनच्या एका मित्राला त्यांच्यामागं पाठवून सगळं कळवलं होतं, आणि आता नेल्दाच्या रेनकोटाच्या ओच्यात डुकरांच्या खोपटाजवळच्या झाडाची लहान हिरवी सफरचंदं होती. ती सरळ बापाजवळ गेली. बाल्दोमेरोनं दांडा सोडला. त्यानं एक उचलून चावलं. त्याचा चेहरा आकसला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो हसला. खरंच हसला, चोरून काही खाणाऱ्या पोरासारखा. मग त्यानं दुसरं घेतलं. नेल्दाही खात होती, तोंड वाकडं करत, बियांसकट. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओतिलिया ते बघत होती. तिचं गोड सफरचंद खाताना तो डोळे मिटायचा. हसला कधीच नव्हता.

पालोमाचा तिनं इतकी वर्षं मत्सर केला नव्हता, कारण ती तिचीच होती. आता खरी सवत समोर आली होती, हिरवी आणि बोरांएवढी, आणि तिला वाटलं त्यापेक्षा कितीतरी आंबट. असल्या फळावर जीव जडवायला माणूस तसाच असावा लागतो. तिला ते सफरचंद हिसकावून चिखलात फेकावंसं वाटलं. ती जागची हलली नाही.

नेल्दा आत आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं टेबलावर दुसरा कोरा कागद ठेवला, पेन उघडलं, आणि ओतिलियाकडं न बघता विचारलं, "तुमच्या आईचं नाव?"

"काय?"

"मावशी, मला तुमच्याशी आज जास्त बोलता येणार नाही. पुढं कधी येईल का तेही माहीत नाही. पण पुस्तकात खोटं छापायचं नाही मला. तुमच्या आईचं नाव सांगा."

ओतिलियाच्या आधी ब्रिखिदानंच सांगितलं. एल्सिरा मानसिया. नेल्दानं लिहिलं. जात: पालोमा. सांभाळणारी: ओतिलिया. तिचं अक्षर सुंदर होतं. खाली जागा होती तिथं तिनं आणखी एक ओळ लिहिली, की हे कलम क्लोदोमिरा वेरा हिच्या झाडाच्या बुंध्यावर बांधलेलं आहे. ओतिलियानं ती ओळ वाचली. ती खोडून टाक असं सांगायला तिचं तोंड उघडलं होतं. पण ती ओळ खरी होती.

शाई वाळायच्या आत बाल्दोमेरो दारात आला. टोपी हातात होती. दिवसभरात तो पहिल्यांदाच बायकोशी बोलत होता, आणि बोलताना तो तिच्या डोक्यावरून पलीकडं, चुलीकडं बघत होता.

"ऑगस्टमध्ये तेओलिंदाकडून दोन काड्या आणायच्या," तो म्हणाला. "डुकरांनी साल खाल्लीय त्या झाडाची. फार दिवस जगणार नाही ते."

"आणा की."

"माझे हात थरथरतात. नेल्दाला येत नाही. एर्विनचं एकही कलम लागत नाही." तो थांबला. "तू बांधायचंस."

नेल्दाचं पेन थांबलं. ओतिलियानं हात पुसले, फडकं नीट घडी करून दांडीवर टाकलं. नाही म्हणायचा हक्क तिनं सकाळपर्यंत कमावलेला होता. दुपारी तो गेला होता.

"कुठं?" तिनं विचारलं.

"इथं, खिडकीजवळ. मला बसल्या जागेवरून दिसेल."

"इथं नाही. इथं पालोमाची सावली पडते."

"मग कुठं?"

"कुंपणाजवळ. तिथं जंगली खुंट आहे."

"तिकडं फार लांब पडतं मला."

"मग चालत जायचं," ओतिलिया म्हणाली.

तो उभा राहिला. ती मागं हटली नाही. शेवटी त्यानं मान हलवली, टोपी घातली आणि पिंपावर झाकण घालायला गेला.

ब्रिखिदानं तिच्या पाठीवर हात ठेवला. ओतिलियाच्या डोक्यात काम सुरू झालं होतं. काड्या पेन्सिलीएवढ्या हव्यात, गेल्या वर्षीच्या फुटीच्या. ओल्या वाळूत ठेवायला हव्यात. तासायचं ते नव्या पात्यानं, एका कापात. चिंधी घट्ट, पण गळा आवळणार नाही इतकी. आजवर तिच्या हातची कलमं दहातली एक-दोन जायची, पाऊस लागून, बुरशी येऊन, कधी काहीच कारण नसताना, आणि तिनं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं. हे कलम मेलं तर मात्र ते आपोआप मेलं असं या घरात कुणीही मानणार नव्हतं. तिला स्वतःलासुद्धा खात्री देता आली नसती. म्हणजे ते लागायलाच हवं होतं.

ती बाहेर आली, कुंपणापर्यंत गेली, आणि जंगली खुंटाभोवतीचं गवत उपटू लागली.